ईशान्य अमेरिकेतील अरण्यप्रदेश आणि कायोटाची शिकार

शिकारीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण सहसा पडत नाही. बक्षिसांचे सरकारी हिशेब, कातड्यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी, शिकाऱ्यांच्या रोजनिश्या, विधिमंडळांतील वादविवाद अशी विपुल सामग्री त्याच्यापुढे असते. परंतु ही सारी साधने हाती लागलेल्या जनावराविषयी बोलतात. निसटून गेलेल्या जनावराविषयी ती मुकी असतात. उघड्या माळरानावर ही उणीव फारशी बाधत नाही, कारण तेथे शिकारी आणि शिकार दोघेही एकमेकांच्या दृष्टीस पडत असतात. घनदाट अरण्यात मात्र ही उणीवच प्रमुख ठरते. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील जंगलांत गेल्या सुमारे शंभर वर्षांत कायोटाची जी शिकार झाली, तिचा विचार या दृष्टीने करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम नावाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. ‘कायोट’ अथवा ‘कायोटी’ हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘कोयोत्ल’ या शब्दापासून स्पॅनिश भाषेमार्गे इंग्रजीत आला. मेक्सिको शहरातील कोयोआकान या भागाच्या नावात तो आजही टिकून आहे. मराठीत या प्राण्यास स्वतंत्र नाव असण्याचे कारण नाही. आपला कोल्हा हा त्याचा जवळचा आप्त खरा, आणि पश्चिम अमेरिकेतील आदिवासींच्या कथांतील धूर्त, खट्याळ, क्वचित स्वतःच फसणारा कायोट वाचताना पंचतंत्रातील कोल्ह्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. तथापि कायोटास सरसकट कोल्हा म्हणणे इष्ट नव्हे. नावांच्या अशा ढिलेपणामुळे इतिहासात किती घोटाळा होतो, हे पुढे दिसून येईलच.

गोऱ्या वसाहतवाल्यांस हा प्राणी प्रथम माळावर भेटला. १८०४ च्या सप्टेंबरात लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेने आजच्या साउथ डकोटा राज्यात एक कायोट मारला आणि त्यास ‘माळावरचा लांडगा’ म्हटले. त्याचे शास्त्रीय वर्णन टॉमस से याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केले व ‘भुंकणारा’ या अर्थाचे ‘कॅनिस लॅट्रन्स’ हे नाव त्यास दिले. या वर्णनातील एक भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा मार्मिक आहे. १८१९–२० च्या हिवाळ्यात मिझूरी नदीकाठच्या तळावर असताना टिशियन पील या तरुण चित्रकाराने कायोट पकडण्यासाठी नाना प्रकारचे सापळे रचून पाहिले. आमिष ठेवून पाहिले, सापळे पालापाचोळ्याखाली दडवून पाहिले. परंतु कायोट काही केल्या सापडेना. अखेरीस ओंडक्याच्या सापळ्याला यश आले. म्हणजे ज्या नमुन्यांवरून ही जात शास्त्रास परिचित झाली, त्यांच्या मागेही फसलेल्या सापळ्यांची एक मालिकाच उभी आहे.

माळावरील शिकारीचे स्वरूप पुढील शतकभर साधारणपणे एकच राहिले. घोडा, ग्रेहाउंड जातीची वेगवान कुत्री आणि मैलोगणती मोकळी जमीन, ही तिची साधने. १९०५ च्या एप्रिल महिन्यात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे ओक्लाहोमा प्रदेशात जॅक ॲबरनॅथी या शिकाऱ्याबरोबर अशा शिकारीस गेले होते. धावत्या जनावराच्या जबड्यात हात घालून ते जिवंत धरण्याबद्दल हा ॲबरनॅथी प्रसिद्ध होता. रूझवेल्ट यांनी तिचे वर्णन ‘लांडग्याची शिकार’ म्हणून लिहिले असले, तरी मारलेली जनावरे प्रायः कायोटच होती. हिंदुस्थानातील इंग्रज अंमलदार कोल्ह्याच्या मागे कुत्री सोडून दौड करीत, तिचीच ही काहीशी रांगडी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. या शिकारीत नजर आणि वेग यांना सर्वस्वी प्राधान्य होते.

करमणुकीच्या या शिकारीबरोबरच शासनाचे युद्धही सुरू झाले. मेंढपाळ व गोपालक यांच्या आग्रहावरून १९१५ साली काँग्रेसने हिंस्र श्वापदांच्या निर्मूलनासाठी १,२५,००० डॉलर मंजूर केले आणि जीवविज्ञान पाहणी खात्याने पगारी शिकारी नेमले. १९२० मध्ये विषप्रयोगाच्या पद्धती शोधण्यासाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली. २ मार्च १९३१ च्या कायद्याने दहा वर्षांच्या कार्यक्रमासाठी एक कोटी डॉलरपर्यंत खर्चास अधिकार दिला. स्ट्रिक्नीन, थॅलियम व पुढे ‘१०८०’ या क्रमांकाने ओळखले जाणारे सोडियम फ्लुओरोॲसिटेट अशी विषे पश्चिमेच्या माळांवर पसरली गेली. या धोरणाविरुद्ध सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांनी १९२४ पासूनच आवाज उठविला होता. ॲडॉल्फ म्यूरी यांनी यलोस्टोन उद्यानातील कायोटाविषयी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर असे सांगत होता की, हरणादी प्राण्यांच्या संख्येवर कायोटाचा म्हणावा तसा परिणाम होतच नाही. शासनाचे कान मात्र बराच काळ बंद राहिले. सार्वजनिक जमिनींवरील विषप्रयोगास राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने १९७२ मध्ये बंदी झाली व तो आदेश १९८२ मध्ये मागे घेण्यात आला. हा सर्व वृत्तांत सुपरिचित असल्याने त्यावर अधिक विस्तार करीत नाही.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पश्चिमेस हे युद्ध चालू असतानाच कायोट पूर्वेकडील अरण्यात शिरत होता. कसा शिरला? या अरण्याचा मूळ धनी लांडगा होता. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३० सालीच लांडग्याच्या डोक्यावर बक्षीस लावले. ऑन्टॅरिओत असे बक्षीस १७९३ पासून १९७२ पर्यंत चालू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरोंडॅक डोंगरांतून व न्यू इंग्लंडमधून लांडगा नाहीसा झाला. याच शतकात न्यू इंग्लंडचा फार मोठा भूभाग शेतीसाठी उघडा करण्यात आला होता. पुढे शेतकरी पश्चिमेस निघून गेले आणि टाकलेल्या शेतांवर पुन्हा रान माजले. त्या कोवळ्या रानात शेपटीखाली पांढरे असलेले हरीण वाढले. धनी गेलेला, अन्न भरपूर आणि लपावयास झाडी दाट, अशा या मुलुखात कायोटाला येण्यास कोणाची आडकाठी राहिली नव्हती. १९२० च्या दशकात तो न्यूयॉर्कच्या उत्तर भागात आढळू लागला, १९३० च्या दशकात मेनमध्ये, १९४० च्या दशकात न्यू हॅम्पशायर व व्हर्मॉन्टमध्ये आणि १९५० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये. नोव्हा स्कोशियात तो १९७० च्या दशकात पोहोचला. न्यूफाउंडलंड बेटावर तर समुद्रातील बर्फावरून चालत गेला असावा. तेथील पहिली नोंद १९८० च्या दशकातील आहे.

कायोट हा मुळात केवळ माळावरचाच प्राणी, ही समजूतही आता तपासून घ्यावी लागते. हॉडी व केज यांनी २०१८ मध्ये जीवाश्म व संग्रहालयांतील नमुने यांच्या आधारे दाखविले की, १९०० पूर्वीच्या हजारो वर्षांत त्याचा वावर पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पश्चिमेच्या बहुतेक कोरड्या व मोकळ्या प्रदेशात होता. आणि १९५० पासून त्याच्या क्षेत्रात निदान ४० टक्क्यांची भर पडली. पूर्वेच्या दाट जंगलात मात्र तो खरोखरच नवागत होता.

आणि येथेच नावांचा घोटाळा सुरू होतो. अरण्यात प्रथम मारल्या गेलेल्या या जनावरांस काय म्हणावे, हे शिकाऱ्यांस कळेना. कोणी ‘रानकुत्रा’ म्हटले, कोणी ‘लांडगा’, कोणी कायोट व कुत्रा यांच्या संकराचे म्हणून ‘कायडॉग’ म्हटले. सरोवरांच्या प्रदेशात ‘झुडपातला लांडगा’ हे नाव रूढ होते. बक्षिसांच्या नोंदींत ‘लांडगा’ या एकाच शब्दाखाली दोन्ही जाती पुष्कळदा एकत्र येतात. अशा नोंदींवरून लांडगा अमुक साली शिल्लक होता किंवा कायोट अमुक साली आला, असे बेधडक विधान करणारे स्थानिक इतिहास आमच्या मते अविश्वसनीय मानावेत. ‘कायडॉग’ या कल्पनेस मोठा धक्का हेलेनेट व वॉल्टर सिल्व्हर यांच्या संशोधनाने बसला. न्यू हॅम्पशायरमध्ये १९६० साली मिळालेली पिल्ले वाढवून व त्यांच्या पिढ्या पाहून त्यांनी १९६९ मध्ये दाखविले की, हे प्राणी आपल्यासारखीच संतती देतात. उलट कुत्र्याशी झालेल्या संकराच्या संततीचा प्रजननकाळ पुढेमागे सरकतो व नर पिलांची देखभाल करीत नाही. अशा संततीला हिमप्रदेशात टिकणे कठीण.

पुढे जनुकीय अभ्यासाने चित्र अधिक स्पष्ट केले. केज व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० मधील निबंधानुसार, ऑन्टॅरिओमार्गे आलेल्या कायोटांचा सरोवरप्रदेशातील लांडग्यांशी संकर झाला आणि हे संकरित प्राणी ओहायोमार्गे आलेल्या असंकरित कायोटांपेक्षा पाचपट वेगाने पूर्वेकडे पसरले. त्यांची कवटी रुंद, जबड्याचे स्नायू बळकट. पश्चिमेचा कायोट साधारण २० ते ३० पौंड वजनाचा, तर पूर्वेकडील ३० ते ५० पौंडांचा. म्हणजे लांडगा मारून मनुष्याने जी जागा रिकामी केली, तीत थोडासा लांडगा घेऊनच कायोट आला. शिकारीच्या इतिहासातील हा योगायोग मोठा उपरोधिक आहे.

आता प्रत्यक्ष शिकारीकडे वळू. मेन राज्याचा सुमारे नव्वद टक्के भूभाग वनाच्छादित आहे. स्प्रूस व फर यांच्या दाट राईत दृष्टी चाळीस-पन्नास पावलांपलीकडे क्वचितच जाते. ग्रेहाउंड कुत्री नजरेने धावणारी असल्यामुळे येथे निरुपयोगी ठरली. त्यांची जागा वासावर चालणाऱ्या हाउंड कुत्र्यांनी घेतली. ताज्या बर्फावर पहाटे माग शोधावयाचा, त्यावर कुत्री सोडावयाची आणि त्यांच्या भुंकण्यावरून जनावर कोणत्या दिशेने चालले हे ओळखून लाकूडतोडीच्या वाटांवर नाकेबंदी करावयाची, अशी ही पद्धत. कायोट सहसा आपल्या परिचित मुलुखातच मोठे वळसे घेत पळतो. त्याच्या वळणाच्या जागा ज्यास ठाऊक, तोच शिकारी यशस्वी होतो. मोटारी, बिनतारी संदेशयंत्रे आणि अलीकडे कुत्र्यांच्या गळ्यातील उपग्रहाधारित पट्टे यांनी ही शिकार पुष्कळ सुकर केली. मात्र यांत शिकाऱ्याने स्वतः पाहण्यापेक्षा ऐकण्यावर भिस्त ठेवावी लागते, हे मूळ लक्षण कायम राहिले.

दुसरी पद्धत सापळ्याची. न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा येथे स्यूअल न्यूहाउस याच्या नावाने तयार होणारे पोलादी सापळे एकोणिसाव्या शतकात सर्व उत्तर अमेरिकेत पोहोचले होते. कायोटासाठी जमिनीत उंदराच्या बिळासारखे तिरपे भोक करून त्यात आमिष ठेवितात व सापळा त्याच्या तोंडाशी बारीक मातीखाली पुरतात. माणसाचा व लोखंडाचा वास जावा म्हणून सापळा रंगाच्या पाण्यात उकळून त्यावर मेण चढवावे लागते. ही सगळी कला शरद ऋतूपुरती. माती गोठली, तिच्यावर बर्फ साचले की पुरलेला सापळा उघडमीट करीत नाही. म्हणून हिवाळ्यात तारेचे फास पुढे आले. दाट झाडीत जनावरांच्या पायवाटा अरुंद व ठरलेल्या असतात. माळावर जो फास व्यर्थ गेला असता तो अरण्यात नेमका लागू पडतो. पण फासास जात ओळखता येत नाही. त्यात हरीण सापडते, कुत्रा सापडतो, क्वचित आमिषावर उतरलेला गरुडही सापडतो.

तिसरी पद्धत बसून राहण्याची. गोठलेल्या तळ्यावर मृत जनावराचे मांस टाकावयाचे आणि काठावरच्या लहानशा खोपटात रात्र काढावयाची. तळे हाच अरण्यातील एकुलता एक माळ. तेथे कायोट बर्फाच्या पांढऱ्या पृष्ठावर स्पष्ट दिसतो. अरण्यात दृष्टी नाही म्हणून शिकारी अरण्याबाहेर येऊन बसतो आणि जनावरालाच बाहेर बोलावतो, अशी ही युक्ती.

चौथी पद्धत सादेची. जखमी सशाचा आक्रोश तोंडाने वाजविण्याच्या साधनातून, पुढे ध्वनिमुद्रणातून काढून कायोटास जवळ बोलाविण्याची ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर नैर्ऋत्येकडून पसरली. माळावर सादेस धावून येणारा कायोट दुरून दिसतो. जंगलात तो दिसतो तेव्हा अगदी जवळ असतो, आणि बहुधा तत्पूर्वी त्याने वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालून शिकाऱ्याचा वास घेतलेला असतो. म्हणून जाणते शिकारी दोघे मिळून बसतात. साद घालणारा वर, बंदूकवाला वाऱ्याच्या खालच्या अंगास एखाद्या जुन्या तोडीच्या किंवा वाटेच्या कडेला. लांब पल्ल्याच्या रायफलीपेक्षा छऱ्यांची बंदूक येथे अधिक उपयोगी. एका जागी वीस-पंचवीस मिनिटे निश्चल बसावयाचे आणि मग जागा बदलावयाची. बहुतेक वेळा काहीच येत नाही. किंवा असे म्हणणे अधिक बरोबर होईल की, काही आले होते की नाही हे कळतच नाही. दुसऱ्या दिवशी पाठीमागच्या बर्फावर उमटलेली पावले पाहून आदल्या दिवशीची हकीकत समजते.

या शेवटच्या गोष्टीचे ऐतिहासिक महत्त्व आम्हांस विशेष वाटते. अरण्यातील शिकारीत प्रयत्न आणि प्राप्ती यांचे प्रमाण माळावरील शिकारीपेक्षा सर्वथा भिन्न असते; आणि आपल्याजवळच्या नोंदी केवळ प्राप्तीच्या आहेत. १९७० च्या दशकात केसाळ कातड्यांचे भाव चढले तेव्हा मारल्या गेलेल्या कायोटांची संख्या वाढली, भाव उतरताच ती उतरली. या चढउतारावरून जंगलातील कायोटांची संख्या ठरविणे म्हणजे बाजारभावावरून पर्जन्यमान काढण्यासारखे होय. हिंदुस्थानातही हाच प्रश्न आहे. महेश रंगराजन यांच्या गणनेप्रमाणे १८७५ ते १९२५ या काळात ब्रिटिश अमलाखाली बक्षिसासाठी ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबळे व २,००,००० लांडगे मारले गेले. हे आकडे संहाराची व्याप्ती निःसंशय दाखवितात. तथापि कोणत्या जिल्ह्यात किती लांडगे *होते*, याचे उत्तर त्यांत शोधणे धोक्याचे आहे.

ही चर्चा निव्वळ पद्धतिशास्त्राची नाही. तिच्यावर धोरणे अवलंबून राहिली आहेत. मेनमधील हरिणे कडक हिवाळ्यात सदाहरित झाडांच्या निवाऱ्यात गोळा होतात. बर्फावर कवच धरले की हरणाचे खूर रुततात, हलका कायोट मात्र वरून चालतो. या निवाऱ्यांत मरून पडलेली हरिणे पाहून गावोगावचे लोक संतापले आणि १९८० च्या दशकात राज्याच्या देखरेखीखाली हिवाळ्यात फास लावण्याची योजना सुरू झाली. ती सुमारे २००३ पर्यंत चालली. संरक्षित लिंक्स व गरुड यांस होणाऱ्या धोक्याच्या प्रश्नावरून अखेर ती थांबविण्यात आली. या काळात मारलेल्या कायोटांचे आकडे योजनेच्या समर्थकांनी यश म्हणून पुढे केले. परंतु राज्याच्या उत्तर भागातील हरणांचे संकट केवळ कायोटाने आणलेले नव्हते. निवाऱ्याची जुनी राई तोडली गेली होती, आणि तेथील हिवाळा हरणाच्या सहनशक्तीच्या सीमेवरचा आहे. लाकूडकंपनीच्या करवतीपेक्षा कायोटाचे दात अधिक दृश्य असतात, एवढाच काय तो भेद.

कनॉली व लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात केलेल्या गणिती प्रतिकृतीनुसार, दरवर्षी कायोटांपैकी ७५ टक्के मारले तरच ती वस्ती पन्नासएक वर्षांनी नष्ट होईल. त्याहून कमी प्रमाण असल्यास ती टिकून राहते. कायोट मारले की ते उलट वाढतातच, असे अलीकडे शिकारविरोधी लेखनात वारंवार म्हटले जाते. तेवढे सिद्ध झाले आहे असे आम्हांस वाटत नाही. मारलेल्यांची जागा शेजारच्या मुलुखातून येणारी तरुण जनावरे लवकर भरून काढतात, इतके मात्र निश्चित म्हणता येते. आणि जेथे डोळ्यांस चाळीस पावलांपलीकडे दिसत नाही, तेथे चारांतील तीन जनावरे मारण्याची भाषा मुळातच पोकळ आहे.

केप ब्रेटन येथील प्रकरण यासंदर्भात पाहण्याजोगे आहे. २००९ च्या ऑक्टोबरात तेथील राष्ट्रीय उद्यानात एक तरुण गायिका कायोटांच्या हल्ल्यात मरण पावली. प्रौढ मनुष्यावरील अशा प्राणघातक हल्ल्याचे हे कॅनडातील एकमेव ज्ञात उदाहरण. लोकक्षोभ स्वाभाविक होता. २०१० मध्ये नोव्हा स्कोशिया सरकारने सापळेकऱ्यांस प्रत्येक कातड्यामागे २० डॉलर देण्याचे जाहीर केले. १७९३ च्या ऑन्टॅरिओतील कायद्यापासून दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावरही शासनाला सुचलेला उपाय तोच होता. या प्रकरणाचा जो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तेथील कायोटांच्या केसांचे व मिशांचे रासायनिक पृथक्करण करण्यात आले. लहान भक्ष्याच्या अभावी हे कायोट मूस या प्रचंड हरणावर उपजीविका करीत होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे ज्ञान कातड्यांच्या मोजणीतून कधीही मिळाले नसते.

व्हर्मॉन्टमध्ये कायोटाच्या शिकारीस बाराही महिने मुभा आहे. तथापि त्याच राज्याने २०१८ मध्ये शिकारीच्या स्पर्धांवर बंदी घातली आणि २०२२ च्या कायद्याने हाउंड कुत्र्यांच्या साह्याने होणाऱ्या शिकारीवर निर्बंध आणले. या दुसऱ्या कायद्यामागील तक्रारींत प्राणिदयेचा प्रश्न होताच. परंतु जमीनमालकांची एक निराळीच तक्रार त्यात होती. अरण्यात सोडलेल्या कुत्र्यांस कुंपण दिसत नाही, आणि त्यांचा धनी तर मैलभर मागे मोटारीत बसलेला असतो.